उपवासाचं ताट: इटलीच्या नाताळामागची गोष्ट

२४ डिसेंबरला दुपारनंतर रोम किंवा नेपल्समध्ये उतरणाऱ्या प्रवाशाचं स्वागत बंद शटरं करतात. दुपारपर्यंत पाय ठेवायला जागा नसलेला बाजार संध्याकाळी सामसूम होतो, बसगाड्या विरळ होतात. दुसऱ्या दिवशी, म्हणजे ऐन नाताळात, जेवायची जागा आधी सांगून ठेवली नसेल तर हॉटेलच्या खोलीत बिस्किटांवर भागवायची पाळी येते. ‘नाताले कोन इ तुओई, पास्क्वा कोन की वुओई’ अशी तिथली म्हणच आहे: नाताळ घरच्यांबरोबर, ईस्टर मर्जीतल्यांबरोबर. चौकातला झगमगाट, स्टॉल, रोषणाई हे सगळं ओसरीवरचं. सण खरा माजघरात चालतो.

त्या माजघरात २४च्या रात्री जे ताट मांडलं जातं, ते मुळात उपवासाचं ताट आहे. मोठ्या सणाच्या आदल्या दिवशी मांस खायचं नाही, हा जुना कॅथलिक नियम. या जेवणाला ‘माग्रो’ म्हणतात, म्हणजे हलकं, कमी चरबीचं. मांस नाही म्हटल्यावर मासे आले. आणि मासे आले म्हटल्यावर तळलेले, उकडलेले, व्हिनेगरमध्ये मुरवलेले, शेवयांसारख्या पास्त्यात शिंपल्यांबरोबर परतलेले असे एकामागून एक आले. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ज्यांच्या घरात म्हटलं जातं, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी उपवासाचे नियम सैल केले आणि नाताळच्या आदल्या दिवसाची सक्ती संपली. ताट मात्र तसंच राहिलं. नियम गेला, चव उरली. अमेरिकेत गेलेल्या इटालियनांनी या जेवणाला ‘सात माशांची मेजवानी’ असं नाव दिलं आणि ते जगभर पसरलं. इटलीत सातचा आकडा कोणी धरून बसत नाही. त्यामुळे नेपल्सच्या खानावळीत जाऊन ‘सात मासे’ मागितलेत, तर वाढपी तुमच्याकडे कुतूहलाने बघेल इतकंच.

नेपल्सचा या रात्रीचा मानकरी म्हणजे ‘कापितोने’, मोठी, जाडजूड मादी वाम. २३ डिसेंबरच्या रात्री पोर्ता नोलानाच्या मासळीबाजारात विक्रेते झोपतच नाहीत. रस्त्याच्या कडेला पाण्याच्या उथळ टबांत काळपट हिरव्या वामी एकमेकींवर वळवळत असतात. एखादी उसळी मारून खाली पडते आणि ओल्या फरशीवरून सरपटत निघते, तिच्यामागे विक्रेता, त्याच्यामागे हसणारी पोरं. वाम पाण्याबाहेर बराच वेळ तग धरते आणि तुकडे केल्यावरही हलत राहते. घराघरांतल्या नाताळच्या आठवणींत ‘ती ओट्यावरून पळाली होती’ ही गोष्ट असतेच. सापासारखा हा मासा खाणं म्हणजे बायबलमधल्या एदेनच्या बागेत सापाच्या रूपात आलेल्या सैतानाला चावणं, असा त्याचा अर्थ लावतात. माझं मत विचाराल तर अर्थ मागाहून चिकटला असावा, चव आधीची. आता मात्र युरोपातली वाम नामशेष होण्याच्या काठावर आहे, भावही चढे असतात, आणि तरुण पिढीतले बरेच जण तिला सोडून सरळ कोळंबीकडे वळले आहेत.

दुसरा मानकरी परदेशातून आलेला. १४३१ साली पिएत्रो क्वेरिनी नावाचा व्हेनिसचा सरदार-व्यापारी क्रीट बेटावरून दारूची पिंपं जहाजात भरून फ्लँडर्सकडे निघाला. वादळाने जहाज भरकटलं, बरीच माणसं दगावली आणि उरलेली १४३२च्या जानेवारीत नॉर्वेच्या लोफोतेन द्वीपसमूहातल्या रोस्त बेटाजवळ किनाऱ्याला लागली. तिथल्या कोळ्यांनी त्यांना सांभाळलं. कॉड मासा मीठ न लावता, नुसत्या गार वाऱ्यावर, लाकडी मांडवांवर टांगून लाकडासारखा कडक वाळवतात, हे क्वेरिनीने तिथे पाहिलं. वर्सोवा-वसईच्या किनाऱ्यावर वलांडीवर सुकणारे बोंबील ज्याने पाहिलेत, त्याच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहील, फक्त ऊन वजा करायचं. हा सुका मासा व्हेनिसला ठाऊक झाला तो या प्रवासामुळे, असं तिथे सांगतात. मांसबंदीच्या दिवसांसाठी, समुद्रापासून लांबच्या गावांना, महिनोन्महिने टिकणारा मासा म्हणजे वरदानच. इथे शब्दांची एक गंमत आहे, आणि मेन्यूकार्ड वाचताना ती उपयोगी पडते. इटलीत इतरत्र ‘बक्काला’ म्हणजे खारवलेला कॉड आणि ‘स्तोक्काफिस्सो’ म्हणजे हा वाळवलेला. व्हेनिसच्या मुलखात मात्र वाळवलेल्यालाच बक्काला म्हणतात. तिथला ‘बक्काला मांतेकातो’ म्हणजे तोच मासा भिजवून, शिजवून, ऑलिव्हच्या तेलात घोटून घोटून लोण्यासारखा केलेला.

तारखेचा इतिहास थोडक्यात. रोमन लोकांचा सातुर्नालिया नावाचा सण १७ डिसेंबरला सुरू होई आणि २३पर्यंत लांबे. त्यात मालक गुलामांना वाढत, मेणबत्त्या आणि मातीच्या छोट्या बाहुल्या भेट देत, आणि एरवी निषिद्ध असलेल्या जुगाराला मोकळीक असे. २५ डिसेंबर हा अजिंक्य सूर्याचा जन्मदिवस आणि ख्रिस्ताचाही, अशा दोन्ही नोंदी इसवी सन ३५४च्या एकाच रोमन पंचांगात सापडतात. कोणी कोणाचा दिवस घेतला यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही, तेव्हा ‘नाताळ म्हणजे सातुर्नालियाच’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्या गाइडचं बोलणं हसून ऐकावं. शब्द मात्र सरळ रेषेत आला आहे. लॅटिन ‘नातालिस’, म्हणजे जन्माचा. त्याचं इटालियन ‘नाताले’, पोर्तुगीज ‘नाताल’, आणि पोर्तुगिजांकडून कोकणी-मराठीत आलेला आपला ‘नाताळ’. म्हणजे रोममध्ये कोणी ‘बुओन नाताले’ म्हटलं, तर त्यातला अर्धा भाग आपल्याला आधीच येतो.

गोठ्याचंही तसंच. गोव्यात आणि वसईत नाताळात घरासमोर, वाड्यावाड्यांत गवत, माती, दिवे घालून येशूच्या जन्माचा गोठा करतात. ही चाल पोर्तुगीज काळात मिशनऱ्यांबरोबर आली. तिचा उगम शोधत गेलं तर रोमच्या ईशान्येला, डोंगरातल्या ग्रेच्चो गावाशी जाऊन पोहोचतो. १२२३ सालच्या नाताळात असिसीच्या संत फ्रान्सिसने तिथे एका गुहेत गवत पसरलं, खरा बैल आणि खरं गाढव उभं केलं आणि गव्हाणीपाशी मिस्सा म्हणवून घेतली. मूर्ती नव्हत्या. मशाली घेऊन जमलेले गावकरीच मेंढपाळ झाले. लॅटिन न समजणाऱ्या माणसाला बाळ किती गरीब घरात जन्मलं ते डोळ्यांनी दिसावं, एवढाच त्यामागचा हेतू.

पाचशे वर्षांनी नेपल्समध्ये त्या गरिबीचं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. अठराव्या शतकात बुर्बाँ घराण्याचा राजा चार्ल्स गोठ्यांच्या इतका नादी लागला की सरदारांमध्ये चढाओढ सुरू झाली. भाजलेल्या मातीचं डोकं, काचेचे डोळे, लाकडाचे हातपाय, तार आणि काथ्याचं धड, वर खरं रेशीम. बाळ येशू राहिला एका कोपऱ्यात आणि सगळीकडे नेपल्सचा बाजार भरला: कसाई, मासेविक्या, पाववाला, कलिंगडाच्या फाका, नखाएवढ्या चीजच्या चकत्या, टोपलीत माचिसच्या काडीएवढे मासे. पोटभर जेवणं हे ज्या शहरात बहुतेकांचं स्वप्न होतं, तिथे स्वर्ग म्हणून लोकांनी मंडईच मांडली. सान मार्तिनोच्या संग्रहालयातला ‘कुचिनिएल्लो’ गोठा याचा कळस आहे. सान ग्रेगोरियो आर्मेनोच्या गल्लीत कारागीर आजही बारा महिने हेच काम करतात, आणि दरवर्षी नव्या मंत्र्यांच्या आणि फुटबॉलपटूंच्या बाहुल्या मेंढपाळांशेजारी विकायला ठेवतात. गल्लीत जायचंच असेल तर नोव्हेंबरात किंवा सकाळी लवकर जा. डिसेंबरातल्या शनिवार-रविवारी तिथे चालावं लागत नाही, गर्दीच पुढे नेते. घरी मांडलेल्या गोठ्यातली गव्हाण २४च्या मध्यरात्रीपर्यंत रिकामी ठेवायची असते, हे मात्र बाजारात कळत नाही.

आता पावाकडे. मिलानच्या ‘पानेत्तोने’ची एक दंतकथा सगळीकडे छापलेली असते: सरदाराच्या स्वयंपाकघरात गोड पदार्थ करपला, तोनी नावाच्या पोऱ्याने उरलेल्या पिठाचा पाव करून वेळ निभावली, म्हणून ‘तोनीचा पाव’. गोष्ट छान आहे, पण व्युत्पत्ती सरळ आहे. ‘पानेत्तो’ म्हणजे छोटा पाव, ‘-ओने’ हा मोठेपणा दाखवणारा प्रत्यय. मोठा छोटा पाव! जुना पानेत्तोने बसका आणि घट्ट असे. आज दिसणारा उंच, घुमटासारखा पाव विसाव्या शतकातला. आंजेलो मोत्ताने १९१९ साली मिलानमध्ये दुकान काढलं, पीठ फार वेळ फुगू दिलं आणि त्याला कागदाचा पट्टा गुंडाळून वरच्या दिशेने वाढायला लावलं. आलेमान्या हा त्याचा प्रतिस्पर्धी. दोघांच्या स्पर्धेतून कारखाने उभे राहिले आणि एका शहराचा पाव दुसऱ्या महायुद्धानंतर साऱ्या देशाचा झाला.

भट्टीतून निघालेला पानेत्तोने बेकरीत पाहायला मिळाला तर सोडू नका. बुडाशी दोन लांब सुया आरपार खुपसून तो तसाच उलटा टांगतात, वटवाघळासारखा, आणि कित्येक तास तसाच गार होऊ देतात. सरळ ठेवला तर लोणी आणि अंड्यांच्या भाराने घुमट आत बसतो. कायदाही कडक आहे. २००५च्या सरकारी आदेशाप्रमाणे लोणी किमान १६ टक्के आणि मनुका व साखरेत मुरवलेली फळांची सालं मिळून किमान २० टक्के असतील, तरच डब्यावर पानेत्तोने लिहिता येतं. ज्यांना मनुका दातात आलेल्या आवडत नाहीत त्यांच्यासाठी व्हेरोनाचा ‘पांदोरो’ आहे. दोमेनिको मेलेगात्तीने त्याचं पेटंट १८९४ साली घेतलं. तो आठ टोकांच्या चांदणीच्या साच्यात भाजतात. पिशवीतच पिठीसाखर टाकून तोंड घट्ट धरायचं आणि जोरजोरात हलवायचं, हे काम घरातल्या सगळ्यात लहान पोराचं. प्रत्येक घरात या दोहोंवरून दोन तट असतात.

सिएनाचा ‘पानफोर्ते’ या दोघांपेक्षा कितीतरी जुना. १२०५ सालच्या कागदांत तिथली कुळं मठातल्या जोगिणींना मिरीचे आणि मधाचे पाव देणं लागतात, अशी नोंद आहे. बदाम, मध, मुरवलेली सालं आणि मसाला असा हा चपटा, चिवट पदार्थ. मिरी तेव्हा मलबारच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्र, तांबडा समुद्र, अलेक्झांड्रिया असा प्रवास करून यायची आणि औषधं विकणाऱ्याकडे तोलून मिळायची. पानफोर्तेही तेच दुकानदार करत. आज त्याचा तुकडा तोंडात टाकला की दालचिनी-लवंगेमागून जो ठसका लागतो, तो आपल्याच किनाऱ्याचा.

मधल्या दिवसांबद्दल फार लिहीत नाही. नाताळच्या दुपारी बोलोन्यात मांसाच्या सुपात तोर्तेल्लिनी, म्हणजे सारण भरलेला छोटा पास्ता, असतात. सारणाची ‘अधिकृत’ कृती तिथल्या लोकांनी १९७४ साली व्यापारी मंडळाच्या कार्यालयात रीतसर नोंदवून ठेवली, यावरून त्यांचा गंभीरपणा कळावा. ३१च्या मध्यरात्री डुकराच्या मांसाचं जाड सॉसेज आणि मसूर. मसूर नाण्यांसारखी दिसते म्हणून जेवढी खाल तेवढे पैसे येतील म्हणतात. आणि या सगळ्या जेवणांच्या मधल्या तासांत ‘तोंबोला’, आपल्या हाऊजीची नेपल्सकडची थोरली बहीण. १७३४ साली राजाला लॉटरी हवी होती, ग्रेगोरियो रोक्को नावाच्या धर्मगुरूला नको होती. तडजोड म्हणून नाताळच्या आठवड्यापुरती ती बंद ठेवली, तर लोकांनी तीच घरात सुरू केली, असं सांगतात. प्रत्येक आकड्याला अर्थ असतो: २५ म्हणजे नाताळ, ९० म्हणजे भीती, ४८ म्हणजे बोलणारं प्रेत. आकडा झाकायला वाल, सुका पास्ता, नाहीतर संत्र्याच्या सालीचे तुकडे. रोमनांनाही याच दिवसांत जुगाराची मोकळीक होती, हे आठवतं.

भेटवस्तू मात्र सगळीकडे एकाच दिवशी येत नाहीत. बेर्गामो, ब्रेशा, व्हेरोनाकडे १३ डिसेंबरला संत लुचिया गाढवावरून आणते. जुन्या पंचांगात हा दिवस वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाजवळ पडायचा, आणि १५८२ला पंचांग सुधारलं तरी ‘संत लुचियाचा दिवस सर्वांत लहान’ ही म्हण सुधारली नाही. त्याच दिवशी सिसिलीत पाव आणि पास्ता वर्ज्य. १६४६च्या दुष्काळात गव्हाचं जहाज बंदराला लागलं, भुकेल्यांना दळत बसण्याइतका धीर नव्हता, गहू तसाच उकडून खाल्ला, अशी त्यामागची कथा. अख्ख्या गव्हाची ती ‘कुच्चीया’ आता रिकोत्ता नावाचं मऊ, ताजं चीज आणि साखर घालून करतात. आपल्या गव्हाच्या खिरीची लांबची नातलग म्हणावी.

शेवटचा मान म्हातारीचा. ६ जानेवारीच्या ‘एपिफानिया’ सणाच्या नावाचा अपभ्रंश होऊन झालेली ‘बेफाना’ त्याच्या आदल्या रात्री केरसुणीवर बसून येते, चांगल्या पोरांच्या मोज्यात खाऊ आणि खोडकरांच्या मोज्यात कोळसा घालते. कोळसा आता काळ्या साखरेचा, त्यामुळे खोडकरांचंच फावतं. १९७७ साली सरकारने उत्पादन वाढावं म्हणून तिची सुट्टी रद्द केली, आणि १९८५च्या अखेरीस मुकाट्याने परत दिली. ती आली की सगळे सण केरसुणीने झाडून नेते म्हणतात. दुसऱ्या दिवसापासून दुकानांत पानेत्तोनेचे डबे निम्म्या किमतीत रचलेले असतात. मिलानमधल्या घरांत मात्र एक तुकडा मागे ठेवलेला असतो, ३ फेब्रुवारीच्या संत ब्याजोसाठी. तो सकाळी उपाशीपोटी खाल्ला की वर्षभर घसा बसत नाही म्हणे. तोवर तो इतका वाळलेला असतो की कॉफीत बुडवल्याशिवाय घशाखाली उतरत नाही.