गोधडीसाठी जुन्या साड्या देताना: आमच्या गिऱ्हाइकांसाठी माहितीपत्रक

पाऊस ओसरला की आमच्या ओट्यावर गाठोडी यायला लागतात. कुणी आईच्या साड्या आणतं, कुणी सासूबाईंच्या, कुणी स्वतःच्याच, आता नेसवत नाहीत म्हणून. गाठोडं सोडून आम्ही साड्यांचे दोन ढीग, चालणाऱ्यांचा आणि न चालणाऱ्यांचा, करायला घेतो आणि दुसरा ढीग वाढायला लागला की समोरच्या ताईंचा चेहरा बदलतो. "अहो, ही कशी नाही चालणार? हीच तर मेन आहे!" हा संवाद आठवड्यातून चार वेळा होतो. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलंय. गाठोडं बांधण्याआधी वाचा.

आमच्या सातारा भागात हिला वाकळ म्हणतात. पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं गोधडी म्हणतात, म्हणून पाटीवर गोधडी. वस्तू एकच.

साड्या किती लागतात, हा फोनवरचा पहिला प्रश्न. पाच फूट बाय सात फुटांची गोधडी, म्हणजे एका माणसाला ऐसपैस, असं धरू. साडीचा पन्हा साधारण ४५ इंच. दोन पन्हे जोडले की सात फूट भरून शिवणीपुरतं उरतं. म्हणजे एका थराला पाच-पाच फुटांचे दोन तुकडे, दहा फूट साडी. वरचा थर, खालचा थर आणि आत पाच, असे सात थर धरले तर ७० फूट. नऊवारी २७ फुटांची असते, सहावारी १८ फुटांची. तेव्हा तीन नऊवारी किंवा चार सहावारी हिशेबाने पुरतात. पण जुनी साडी पोटाशी आणि टाचेशी विरलेली असते, तेवढा भाग वजा करावा लागतो. म्हणून चार सांगितल्या की पाच आणा. उरलेलं कापड परत देतो, चिंधीसुद्धा.

आता मुद्द्याचं.

गोधडीत सुती साडीच घालतात. "सुतीच आहेत हो सगळ्या" असं म्हणून दिलेल्या पाच साड्यांत एक तरी नायलॉनची, पॉलिस्टरची किंवा मिश्र धाग्याची निघतेच. यात फसवाफसवी नसते. सत्तर-ऐंशीच्या दशकात नायलॉनच्या साडीची हौस घरोघरी होती. धुतली की तासाभरात वाळायची, इस्त्री नको, रंग जात नाही. आईने लग्नाकार्याला जपून नेसलेली साडी पुष्कळदा तीच असते. रोजच्या सुती साड्या फाटून फडकी झाली, ट्रंकेत उरली ती नायलॉनची. आणि आठवण त्याच साडीची असते, हे आम्हाला कळतं. आमच्याही आयांच्या ट्रंका होत्या.

पण थरात ती घातली की काय होतं ते ऐका. सुती कापड पाण्याने आटतं, धुण्यागणिक थोडं थोडं बसतं. नायलॉन-पॉलिस्टर बसत नाही. सहा थर आटले आणि सातवा होता तेवढाच राहिला तर त्याने जायचं कुठं? टाक्याटाक्यांमधे त्याची चुणी पडते. त्यात तो गुळगुळीत, सुती थरांवर सरकतो. पाच-सहा धुण्यांत गोधडीच्या पोटात गोळे. शिवाय घाम टिपत नाही, थंडीत अंगाला चटचट करतो, आणि शेगडीची ठिणगी पडली तर सुताला भोक पडतं, हे वितळून कातडीला चिकटतं. तान्ह्या बाळाच्या दुपट्यात तर आम्ही बोटभरही घालत नाही, कितीही आग्रह करा.

तीन वर्षांपूर्वी एका ताईंच्या आग्रहापुढे आम्ही नमलो. गुलाबी साडी, बारीक फुलं, त्यांच्या आईची. "मधेच घाला, दिसणार नाही, मला माहीत असलं की झालं." घातली. दिवाळीला नेलेली गोधडी होळीला परत आली. एक कोपरा उशीसारखा फुगलेला, दुसऱ्या कोपऱ्यात हात लावला तर नुसता पापुद्रा. उसवायला दोघींना तीन दिवस लागले. हाताने घातलेला टाका घालताना जितका वेळ घेतो त्याहून काढताना जास्त घेतो, कारण खालचं कापड जुनं, जरा ओढलं की टरकतं. ती साडी काढली, दोन सुती थर नवे घातले, पुन्हा शिवली. पैसे मागायला जीभ उचलली नाही. तेव्हापासून थरांत फक्त सुती. यावर घासाघीस नाही.

घरच्या घरी ओळखायचं कसं?

साडीच्या आतल्या टोकाचे दोन-चार उभे आणि दोन-चार आडवे धागे काढा. दोन्ही काढा, कारण कित्येक साड्यांत ताणा एक आणि बाणा दुसरा असतो. चिमट्यात धरून, खाली स्टीलची ताटली ठेवून, काडी लावा. बोटात धरून जाळू नका. सुती धागा कागदासारखा भुरूभुरू जळतो, वासही कागदाचाच, राख मऊ, फुंकरीने उडते. नायलॉन-पॉलिस्टर आधी आक्रसतं, मग वितळतं आणि गार झालं की टोकाला कडक मणी राहतो, नखाने फुटत नाही. रेशमाला केस जळाल्याचा वास येतो आणि राख चिमटीत चुरगळते. मिश्र धागा जळतो कागदासारखा, पण राखेत बारीक खडे लागतात. खडे लागले की ती दुसऱ्या ढिगात.

एक फसवं कापड आहे, रेयॉन, म्हणजे नकली रेशीम. तेही कागदासारखंच जळतं. त्याचा धागा ओला करून ओढून बघा. सुती धागा ओला झाला की उलट चिवट होतो, रेयॉनचा पटकन तुटतो. इरकलीचे काठ आणि टोपपदर बऱ्याचदा अशाच नकली रेशमाचे असतात, अंग मात्र सुती. म्हणून इरकल आली की काठ-पदर वेगळे करून अंग तेवढं थरात घेतो. काठ गोधडीच्या कडेला लावले की काय शोभा येते, ते दुकानात टांगलेल्या हिरव्या गोधडीवर बघून घ्या.

दुकानदाराने "कॉटन सिल्क", "सेमी कॉटन", "कॉटन मिक्स" म्हणून दिलेली साडी असेल तर नावावर जाऊ नका. काडी लावा.

मग आईच्या नायलॉनच्या साडीचं करायचं काय? ट्रंकेत परत टाकू नका. तिची बाजाराची पिशवी उत्तम होते, भिजली तरी झटकली की वाळते, घडी केली की मुठीत मावते. उशांचे शोभेचे अभ्रे होतात, पडदा होतो. आणि गोधडीवरच हवी असेल तर शिवून झाल्यावर वरच्या थरावर तळहाताएवढी ठिगळं बसवून देतो, फुली-चौकोन कसंही. ठिगळ वरच असल्यामुळे आत गोळा होण्याचा प्रश्न नाही, आणि पुढेमागे विटलं तर गोधडीला हात न लावता काढता येतं. त्या गुलाबी साडीचंही शेवटी आम्ही हेच केलं.

पोत्याचं कापड

गोधडीच्या खालच्या बाजूला पूर्वी मैद्याच्या पोत्याचं कापड लावत. बेकरीवाल्याकडून रिकामी पोती स्वस्तात मिळायची. जाड, पांढरट, चिवट. त्याचेच उशीचे अभ्रे, लहान पोरांच्या चड्ड्या, झबली, स्वयंपाकघरातली पुसणी. आता बहुतेक पोती प्लास्टिकच्या विणीची, ती आमच्या उपयोगाची नाहीत. पण आजीच्या माळ्यावर सुती पोती सापडली म्हणून कुणी ना कुणी घेऊन येतंच, आणि ती हमखास बिघडवून आणतात. दोन गोष्टी सांगतो.

पोत्याची शिवण साखळी टाक्याची असते. कात्री लावू नका. एका टोकाकडून धागा ओढला तर गाठ बसते, दुसऱ्या टोकाकडून ओढला की सरसर एका दमात सगळी शिवण सुटते. पहिल्या टोकाला जमलं नाही तर जोर न लावता दुसरं टोक धरा. निघालेला दोरा फेकू नका, गुंडाळून आणा. जुन्या बायका त्याच दोऱ्याने वाकळ शिवायच्या.

दुसरं, पोतं आधी गरम पाण्यात टाकू नका. विणीत मैदा अडकलेला असतो, गरम पाण्यात त्याची खळ होते आणि कापड पत्र्यासारखं ताठ. आधी उलटं करून झाडा, मग गार पाण्यात रात्रभर भिजवा, दोन-तीन पाणी बदला आणि मग साबण लावा. गिरणीच्या नावाची शाई काही पोत्यांवरची जाते, काहींवरची जात नाही. ती घालवायला ब्लीच ओतलंत तर अक्षरांबरोबर कापडाचा जीवही जातो. अक्षरं राहू द्या. आतल्या अंगाला घेता येतात, आणि हल्ली कित्येक गिऱ्हाइकं मुद्दाम वर मागतात.

अमेरिकेत राहणाऱ्या एका ताईंनी तिथल्या जुन्या बाजारातून घेतलेली, उसवून मोकळी केलेली दोन फुलाफुलांची पोती आमच्याकडे आणून दिली होती. १९३० च्या दशकात, मंदीच्या काळात, तिकडच्या बायका पिठाच्या आणि पेंडीच्या पोत्यांतून झगे, एप्रन, परकर, पोरांचे कपडे शिवायच्या. हे लक्षात आल्यावर कंपन्यांनी पोत्यांवर फुलं छापायला सुरुवात केली आणि स्वतःचं नाव धुऊन जाईल अशा शाईत किंवा सुटून येणाऱ्या कागदावर घातलं. शंभर पौंडांच्या पोत्याचं कापड साधारण वारभर निघतं, एका बाईच्या झग्याला तीन लागत. म्हणजे एकाच छापाची तीन पोती मिळेपर्यंत थांबायचं, नाहीतर शेजारणीशी अदलाबदल करायची. आमच्याकडे आलेलं कापड ऐंशीएक वर्षांचं असावं, कडेला साखळी टाक्याची भोकं तशीच. आम्ही ते फक्त गार पाण्यातून काढलं आणि त्यांच्या आजेसासूबाईंच्या नऊवारीला खालचा थर म्हणून लावलं. सुतावर सुत, काही त्रास नाही.

नवीन मांजरपाट खाली लावायचा असेल तर आणा, पण तो आम्ही आधी पाण्यातून काढूनच घेतो. जुन्या साड्या बऱ्याचशा आटून बसलेल्या असतात, नवा कपडा आटायचा बाकी असतो. न आटवता लावला तर पहिल्या धुण्यात गोधडीची होडी होते.

"मशीनवर दोन तासांत होईल की"

होते. बाजारात मिळतेही, घ्यायला आमची ना नाही. पण सात थर मशीनखाली सरकवले की वरचा थर पुढे ढकलला जातो आणि शेवटी चुण्या पडतात. आणि जुन्या कापडाला मशीनची सुई जवळजवळ भोकं पाडत जाते, कापड त्याच रेषेत फाटतं, पोस्टाची तिकिटं फाटतात तसं. हाताचा धावदोरा सैल असतो. थरांना हलायला जागा राहते, म्हणून गोधडी वापरेल तशी मऊ होत जाते.

आमच्याकडे सहाजणी काम करतात. आधी जमिनीवर थर अंथरायचे, कोपऱ्यांवर वरवंटे ठेवून ताणायचे, कच्चे टाके घालायचे, मग कडेपासून आत शिवत जायचं. ओळीओळीत इंचभर अंतर धरलं तर पाच बाय सातच्या गोधडीत १२५ मीटरच्या वर धावदोरा भरतो. मांडणीपासून कडेपर्यंत दोघींचे सहा दिवस. दर ऐकून "जुन्या साड्या तर आमच्याच, मग एवढे कसले?" असं विचारणाऱ्यांनी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा.

थंडीत पांघरायची असेल तर साड्या गणपतीच्या आधी पोचवा. दसऱ्यानंतर आणलेल्या गाठोड्याला संक्रांतीचा वायदा मिळतो. नागपंचमीला आमच्या बायका कात्री-सुईला हात लावत नाहीत, त्या दिवशी फोन करून घाई करू नका.

साड्या धुऊन, कडकडीत वाळवून आणा. खळ घातलेली असेल तर दोनदा धुवा, खळीवर कसर, म्हणजे कापड खाणारी कीड, येते आणि शेजारच्या गाठोड्यांतही शिरते. डांबराच्या गोळ्यांचा वास असेल तर चार दिवस वाऱ्यावर टाका. फॉल काढून आणा. फॉल काढण्याचे आम्ही पैसे घेत नाही, पण एका गाठोड्याला अर्धा दिवस जातो आणि तेवढी तुमचीच गोधडी मागे पडते. साडी फाडून, तुकडे करून मात्र आणू नका. कुठला भाग घ्यायचा, पदर कुठं येईल, हे अख्खी साडी पसरल्यावर ठरतं. एखादा पदर, एखादं रफू, हळदीचा डागसुद्धा वर दिसायला हवा असेल तर तिथं रंगीत दोऱ्याचा टाका मारून ठेवा.

गोधडी नेल्यावर वर्षातून एक-दोनदा धुवा, घटस्थापनेच्या आधी धुतो तेवढं पुरे. ओली गोधडी एकटीने उचलू नका, दोघींनी धरा. पिळायची नाही, कठड्यावर निथळत ठेवायची. एका दोरीवर टाकली तर पाण्याच्या वजनाने मधले टाके ताणतात. टाका सुटला तर घेऊन या, पहिल्या वर्षात फुकट घालून देतो.

आणि गाठोडं सकाळी आणा. उजेडात कापड कळतं. ट्यूबलाइटखाली सगळ्या साड्या सुतीच दिसतात.