कोलफॅक्स येथील स्मारके आणि इतिहासफलक

कोलफॅक्स हे अमेरिकेतील लुइझियाना राज्याच्या मध्यभागी, रेड नदीच्या काठी वसलेले जेमतेम दीड हजार वस्तीचे गाव. ग्रँट पॅरिशचे हे मुख्य ठिकाण (लुइझियानात जिल्ह्याला पॅरिश म्हणतात). परिसर शेतीचा, अक्रोडाच्या कुळातल्या पेकान या फळाची जत्रा दर नोव्हेंबरात येथे भरते. या आडगावाचे नाव इतिहासात आले ते १३ एप्रिल १८७३ या एका दिवसामुळे. त्या दिवशी, ईस्टरच्या रविवारी, येथील पॅरिशच्या कचेरीभोवती (न्यायालय व कारभाराच्या इमारतीभोवती) गोऱ्या सशस्त्र जमावाने कृष्णवर्णीय नागरिकांची कत्तल केली. यादवी युद्धानंतर, गुलामी संपल्यावर दक्षिणेतल्या राज्यांची घडी नव्याने बसवली जात होती त्या पुनर्रचना काळातील (१८६५–७७) सर्वांत भीषण हत्याकांडांत तिची गणना होते. या घटनेच्या नावाने गावात तीन वेळा स्मारक उभे राहिले : १९२१ मध्ये संगमरवरी स्तंभ, १९५० मध्ये राज्य सरकारचा धातूचा फलक आणि २०२३ मध्ये ग्रॅनाइटची शिळा. तिन्ही एकाच दिवसाबद्दल बोलतात, पण एक वाचून दुसरे वाचणाऱ्याला ते सहजी पटणार नाही.

गावाची नावेच त्या काळाचे राजकारण सांगतात. १८६९ मध्ये नवा पॅरिश निर्माण झाला तेव्हा त्याला राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांचे आणि मुख्य गावाला उपराष्ट्राध्यक्ष स्कायलर कोलफॅक्स यांचे नाव देण्यात आले. दोघेही रिपब्लिकन, म्हणजे तेव्हाच्या संदर्भात गुलामी मोडणाऱ्या पक्षाचे. जमीन कॅल्हून घराण्याच्या मळ्याची होती आणि कचेरीसाठी वेगळी इमारत न बांधता मळ्याचा जुना तबेलाच वापरात घेतला गेला. मळ्यावर राबणारे पूर्वीचे गुलाम आता मतदार होते आणि पॅरिशमध्ये त्यांची संख्या गोऱ्यांपेक्षा किंचित जास्त होती. सगळा तंटा या किंचित जास्तीतून पेटला.

१८७२ ची राज्यपालपदाची निवडणूक इतकी वादग्रस्त ठरली की रिपब्लिकन विल्यम पिट केलॉग आणि विरोधी आघाडीचे जॉन मॅकएनरी या दोघांनीही स्वतःला विजयी घोषित केले. परिणामी ग्रँट पॅरिशलाही दोन न्यायाधीश आणि दोन शेरीफ (पोलीसप्रमुख) मिळाले. मार्च १८७३ च्या अखेरीस रिपब्लिकन अधिकाऱ्यांनी कचेरीचा ताबा घेतला. गोरे लोक हत्यारे घेऊन जमू लागताच आसपासची कृष्णवर्णीय कुटुंबे संरक्षणासाठी तेथे गोळा झाली. ५ एप्रिलला जेसी मॅकिनी हा कृष्णवर्णीय शेतकरी आपल्या घरापाशी कुंपण दुरुस्त करत असताना गोळी घालून मारला गेला. तो कोणत्याही बाजूने लढत नव्हता. त्यानंतर भीती वाढली. विल्यम वॉर्ड या माजी सैनिकाच्या पुढाकाराने कचेरीभोवती खंदक खणले गेले. वॉर्ड मदत आणायला न्यू ऑर्लीन्सला गेला तो परतण्याआधीच हल्ला झाला.

हल्लेखोरांचा म्होरक्या ख्रिस्तोफर कोलंबस नॅश हा मॅकएनरी गटाचा शेरीफ आणि यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या, म्हणजे बंडखोर राज्यांच्या, सैन्यातला माजी सैनिक होता. त्याच्यासोबत दीडशेहून अधिक घोडेस्वार आणि एक लहान तोफ होती. बायकामुलांना निघून जायला वेळ देण्यात आला. तोफेचा मारा सुरू झाल्यावर खंदकातले काही जण नदीकडे पळाले, त्यांना वाटेतच टिपले; उरलेले कचेरीत शिरले तेव्हा छपराला आग लावण्यात आली. बाहेर येऊन शरण गेलेल्यांपैकी अनेकांना तेथेच मारले. सुमारे चाळीस जणांना कैद करून रात्र पडल्यावर गोळ्या घातल्या. बळींपैकी बहुसंख्य लोक शस्त्र टाकल्यानंतर मारले गेले, ही बाब पुढे स्मारकांच्या मजकुराविषयी बोलताना लक्षात ठेवावी लागते. कैद्यांतून जिवंत राहिलेल्या लेव्हाय नेल्सनने नंतर न्यायालयात साक्ष दिली.

मृतांचा आकडा आजही निश्चित नाही. लष्कराने १८७५ मध्ये काँग्रेसला (अमेरिकेच्या संसदेला) दिलेल्या अहवालात ८१ कृष्णवर्णीय पुरुषांची नावे होती. शिवाय १५ ते २० प्रेते नदीत टाकली गेली आणि १८ गुपचूप पुरली गेली असा अंदाज देऊन एकूण आकडा ‘किमान १०५’ असा सांगितला होता. इतर अंदाज साठीपासून दीडशेपर्यंत जातात. गोऱ्यांच्या बाजूचे तिघे दगावले. त्यांतला जेम्स हॅडनॉट स्वतःच्याच माणसांच्या गोळीने पडला असावा, असे काही इतिहासकार मानतात.

केंद्र सरकारने ९७ जणांवर आरोप ठेवले, खटला नऊ जणांवर चालला आणि दोषी ठरले तिघे. तेही टिकले नाही. ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध क्रुकशँक’ या खटल्यात २७ मार्च १८७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिघांनाही सोडले. चौदावी घटनादुरुस्ती नागरिकांना राज्यसंस्थेपासून संरक्षण देते, खाजगी व्यक्तींपासून नाही, असा मुख्य न्यायमूर्ती मॉरिसन वेट यांच्या निकालपत्राचा आशय होता. जमावाने कोणाला मारले तर ते राज्याने पाहावे. आणि राज्य पाहणार नाही हे सर्वांनाच ठाऊक होते. नॅशला कधीच शिक्षा झाली नाही. कोलफॅक्समधली कोणतीही शिळा या निकालाएवढी परिणामकारक ठरली नाही, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

येथे एक महाराष्ट्रीय संदर्भ नोंदवण्यासारखा आहे. याच १८७३ साली जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले आणि कृष्णवर्णीयांना गुलामीतून सोडवण्यासाठी अमेरिकेतील सज्जनांनी दाखवलेल्या निःस्वार्थ वृत्तीबद्दल ते त्यांना अर्पण केले. पुस्तकाच्या प्रस्तावनेवर १ जून १८७३ ही तारीख आहे, म्हणजे कोलफॅक्सच्या घटनेला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. फुल्यांनी गौरवलेले कार्य खरेच होते. त्याचा सूडही त्याच सुमारास सुरू झाला होता.

पहिले स्मारक उभे राहायला जवळजवळ अर्धे शतक गेले. दरम्यान लुइझियानाने १८९८ मध्ये नवी राज्यघटना करून कृष्णवर्णीयांचा मताधिकार जवळपास संपवला : १८९६ मध्ये त्यांचे सुमारे १,३०,००० नोंदणीकृत मतदार होते, ते १९०४ मध्ये तेराशेच्या आसपास उरले. दक्षिणेत गावोगावी चौकात आणि कचेरीपुढे दक्षिणेच्या सैनिकांचे पुतळे उभे राहिले ते बहुतांशी याच काळात. कोलफॅक्सचा स्तंभ त्या लाटेचे उशिराचे अपत्य. १९२१ मध्ये गावच्या दफनभूमीत सुमारे १२ फूट उंचीचा हा संगमरवरी स्तंभ बसवला गेला. स्टीफन डिकेटर पॅरिश, जेम्स वेस्ट हॅडनॉट आणि सिडनी हॅरिस या तिघांची नावे त्यावर असून, श्वेतवर्चस्वासाठी लढताना कोलफॅक्सच्या दंगलीत धारातीर्थी पडलेल्या वीरांच्या प्रेमळ स्मरणार्थ, अशा अर्थाचा लेख कोरला आहे. मारल्या गेलेल्या कृष्णवर्णीयांचा उल्लेख नाही. तरीही या लेखात एक गोष्ट आहे जी पुढच्या सरकारी फलकात नाही : हेतू लपवलेला नाही. कशासाठी लढलो ते तो नाव घेऊन सांगतो, कारण १९२१ मध्ये ते लपवण्याची गरज कोणाला वाटत नव्हती.

दुसरे स्मारक वेगळ्या जातीचे. रस्त्याकडेचा इतिहासफलक ही मोटारीच्या युगाची निर्मिती आहे. व्हर्जिनियाने १९२७ मध्ये असे फलक लावायला सुरुवात केली, आणि गाडी थांबवून मिनिटभरात वाचून होईल एवढा मजकूर, ओतीव धातूची पाटी, लोखंडी खांब हा साचा राज्याराज्यांनी उचलला. (दक्षिणेतले असे कितीतरी फलक ओहायो या उत्तरेतल्या राज्यात, मॅरिएटा गावच्या कारखान्यात ओतले जातात.) पुतळ्यापेक्षा फलक साधा दिसतो, आणि म्हणूनच त्याचा अधिकार मोठा. पुतळा कोणीतरी हौसेने उभारला असे वाटते. फलक मात्र सरकारने तपासून लिहिला असणार, असे वाचणारा गृहीत धरतो.

कोलफॅक्सचा फलक १९५० मध्ये कचेरीजवळ लागला. तो राज्याच्या वाणिज्य व उद्योग खात्याने लावला होता. त्यावर दोनच वाक्ये होती : या जागी कोलफॅक्सची दंगल झाली व तीत तीन गोरे आणि १५० निग्रो मारले गेले, आणि १३ एप्रिल १८७३ च्या या घटनेने दक्षिणेतील ‘कार्पेटबॅग’ अनागोंदीचा शेवट झाला. सतरंजीच्या कापडाच्या पिशव्या घेऊन युद्धानंतर उत्तरेतून आलेल्या संधिसाधूंसाठी गोऱ्या दक्षिणेने वापरलेली ही शिवी होती. कृष्णवर्णीयांच्या मतांवर निवडून आलेले सरकार म्हणजे या उपऱ्यांचा कारभार, असा तिचा रोख. दुसरे वाक्य तारखेच्या हिशेबानेही चुकीचे होते. केलॉग जानेवारी १८७७ पर्यंत राज्यपालपदी होते आणि केंद्राच्या फौजेचा आधार त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये काढून घेतला गेला. पहिल्या वाक्याचा दोष वेगळा. दंगलीत तिघे एका बाजूचे आणि दीडशे दुसऱ्या बाजूचे कसे मरतात, हा प्रश्न फलक स्वतःच उभा करतो आणि लगेच दुसऱ्या वाक्याने झाकून टाकतो. मारणारे कोण, तेही सांगत नाही. सगळी क्रिया कर्मणी प्रयोगात. स्तंभावरची बढाई निदान बढाई म्हणून ओळखू येते. फलकाने तोच दावा सरकारी निवेदनाच्या थंड भाषेत मांडला आणि येणाऱ्याजाणाऱ्यांनी तो ७१ वर्षे इतिहास म्हणून वाचला.

दंगल न म्हणता हत्याकांड म्हणणे ही आजकालची टूम आहे, असा आक्षेप अशा प्रसंगी हमखास घेतला जातो. कोलफॅक्सच्या बाबतीत तो टिकत नाही. खुद्द राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी जानेवारी १८७५ मध्ये सिनेटला पाठवलेल्या संदेशात या घटनेला नागरिकांची कत्तल म्हटले आणि तिच्या क्रूरतेला क्वचितच तोड सापडेल असे लिहिले. म्हणजे कत्तल हा शब्द त्या काळातलाच आहे.

१५ मे २०२१ रोजी हा फलक काढण्यात आला. त्याआधी न्यू ऑर्लीन्सने २०१७ मध्ये ‘लिबर्टी प्लेस’चा स्तंभ हटवला होता. तोही पुनर्रचना काळातील गोऱ्यांच्या सशस्त्र उठावाचा गौरव करणारा, १८९१ चा. पण मोठ्या शहरातले ते काम तीव्र विरोध आणि रात्रीचा पोलीस बंदोबस्त यांच्यासह पार पडले. त्या मानाने कोलफॅक्सचा फलक शांतपणे गेला. त्यामागे दोन वंशजांचा पुढाकार होता. एक जेसी मॅकिनीच्या वंशातला, दुसरा हल्लेखोरांपैकी एकाच्या. नुसता फलक काढल्याने घटना गावातून पुसली जाईल, हा धोका ओळखून त्यांनी नव्या स्मारकाचे कामही हाती घेतले.

ते १३ एप्रिल २०२३ रोजी, घटनेला दीडशे वर्षे झाली त्या दिवशी, अनावृत झाले. सुमारे ७ फूट उंचीच्या काळ्या ग्रॅनाइटवर मारले गेल्याची खात्री पटलेल्या ५७ जणांची आणि जखमी होऊन वाचलेल्या ३५ जणांची नावे कोरलेली आहेत. ५७ हा आकडा लष्कराच्या ८१ पेक्षा कमी आणि जुन्या फलकावरच्या १५० पेक्षा कितीतरी कमी, हे पाहून गोंधळायला होते. हा फरक मोजण्याच्या रीतीचा आहे. फलकाला नावांची गरज नव्हती, त्यामुळे त्याला गोल आकडा परवडला. नाव कोरायचे तर ते खात्रीचे असावे लागते, आणि ज्यांची प्रेते नदीत गेली किंवा निनावी पुरली गेली त्यांच्याबाबत अशी खात्री देणारा कागद बहुधा मागे राहत नाही. पूर्वीच्या गुलामांपैकी कित्येकांची तर आडनावेही स्वातंत्र्यानंतरचीच.

१९२१ चा स्तंभ मात्र हललेला नाही. दफनभूमीत तो जागच्या जागी उभा असून त्यावरचा लेख अजून वाचता येतो.