जुन्या इंग्रजी घरांतल्या तुळया जहाजांच्या नव्हेत

इंग्लंडमधील जुन्या लाकडी सांगाड्याच्या घरांच्या तुळया मोडीत काढलेल्या जहाजांच्या आहेत, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. तुळयांवरच्या रिकाम्या खाचा आणि लाकडाला आलेला बाक पाहून तसे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र सुतार ओकचे ओले लाकूड वापरत, आणि ते घरातच वाळताना वाकते, तडकते. खाचा बहुधा आधीच्या एखाद्या घराच्या किंवा कोठाराच्या सांध्यांच्या असतात, कारण चांगले लाकूड पुन्हा वापरले जाई. बंदरांजवळ क्वचित अपवाद आढळतात. पण वॉरिकशायरसारख्या समुद्रापासून दूरच्या परगण्यातही अशी घरे विपुल आहेत.

सांधा निरखून पाहावा: जुळणाऱ्या दोन्ही लाकडांवर पटाशीने कोरलेला एकच रोमन आकडा दिसला, तर तो सांधा सुताराने इमारतीसाठीच बेतला होता. मला ही खूण सर्वांत बोलकी वाटते.