'राग ओळखा' कुठून आलं, आणि भूप-देसकारचं भांडण अजून का मिटत नाही

व्हॉट्सॅपवर रात्री कुणीतरी गाण्याची वीस सेकंदांची क्लिप टाकतं, 'राग ओळखा' म्हणतं, खाली धडाधड उत्तरं पडतात, मग वाद, भूप की देसकार अशा सारख्याच स्वरांच्या दोन रागांवरून, आणि मग सकाळी पुन्हा तोच वाद. नव्या मंडळींना वाटतं हा खेळ मोबाइलबरोबर आला. तसं नाहीये, मोबाइलने वेग दिला एवढंच, खेळ आपल्याकडे फार आधीपासून आहे आणि आजची बरीचशी भांडणं त्या जुन्या काळातूनच आलेली आहेत.

आपल्याकडे म्हणजे मराठी श्रोत्यांमध्ये याची सुरुवात मी संगीत नाटकापासून धरतो. नाटकाच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि 'चाल अमुक' असं छापलेलं असायचं. 1916 च्या 'स्वयंवर'मधलं 'नाथ हा माझा' यमन आहे हे ज्याला कधी तालीम मिळाली नाही अशा माणसालाही ठाऊक असायचं, आणि मग दुसरं पद ऐकलं की तो आपोआप ताडून बघायचा, हेही यमनसारखंच लागतंय की काय. त्याच्या थोडं आधी, 1902 मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोनचं रेकॉर्डिंग सुरू झालं. तीनेक मिनिटांत राग उभा करायचा आणि शेवटी गाणाऱ्याने आपलं नाव मोठ्याने सांगायचं, कारण रेकॉर्डचे मास्टर (मूळ प्रती) जर्मनीत हॅनोव्हरला जायचे आणि तिथल्या लोकांना कुणाचं काय ते कळायला हवं. नाव गाणाऱ्याचं सांगितलं जायचं, राग मात्र लेबलवर. म्हणजे उत्तर छापील, हे तेव्हापासून.

मग परीक्षा आल्या. ज्यांनी गाण्याच्या परीक्षा दिल्यात त्यांना लेखी पेपरातला तो प्रश्न आठवत असेल, दिलेल्या स्वरसमूहावरून राग ओळखा. हा प्रश्न चांगलाच आहे, पण त्याने एक सवय लावली की उत्तर एकच असतं आणि ते मार्कांचं असतं. मैफलीत असं नसतं, तिथे बुवा पहिल्या आलापात राग मुद्दाम झाकून ठेवतात आणि श्रोते शेजाऱ्याच्या कानात कुजबुजतात, शुद्ध कल्याण आहे का भूप, निषाद (नी) लागला का आत्ता.

रेडिओने खेळ घराघरात नेला. निवेदक आधीच रागाचं नाव सांगायचे, त्यामुळे घरातले लोक मुद्दाम उशिरा रेडिओ लावायचे आणि शेवटच्या घोषणेपर्यंत पैजा. 1957 ला विविध भारती आलं, पुढे सकाळच्या 'संगीत सरिता'ने रागाची ओळख आणि त्यातलं सिनेमाचं गाणं शेजारी शेजारी ठेवलं, आणि इथूनच सिनेमाचं गाणं या खेळात पक्कं शिरलं. कॅसेटच्या काळात खासगी बैठकींच्या कॉप्यांच्या कॉप्या फिरल्या, वर बॉलपेनने लिहिलेलं रागाचं नाव, ते चुकीचं असलं तरी पुढच्या कॉपीवर तसंच उतरायचं. अशा चुका आज यूट्यूबच्या टायटलमध्येही सापडतात.

2013 मध्ये व्हॉट्सॅपवर आवाजाचे मेसेज आले आणि गाणारी हौशी मंडळी स्वतः गुणगुणून प्रश्न टाकायला लागली. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये तर झूमवर ठाण्याची मंडळी आणि न्यू जर्सीची मंडळी एकाच वेळी खेळली. रेकॉर्ड ओळखणारी ॲप्स आल्यावर बऱ्याच ठिकाणी स्वतः गायलेली किंवा पेटीवर वाजवलेली क्लिपच चालेल असं ठरलं. मग नवा गुंता झाला, कारण तानपुरा नसेल तर षड्ज (सा) कुठला ते ठरवायचं कसं? भूपाचेच पाच स्वर घ्या, सा रे ग प ध, त्यातल्या गंधाराला (ग) सा माना, मालकंस राग होतो, पंचमाला (प) सा मानलं तर दुर्गा, धैवताला (ध) मानलं तर धानी. तीन स्वरांची तान ऐकवून 'ओळखा' म्हणणाऱ्यांना हे माहीत नसतं असं नाही, पण तानपुरा न देता टाकलेला प्रश्न हा माझ्या मते प्रश्नच नाही.

आता मुख्य भांडण. 'ज्योति कलश छलके', 1961 चं 'भाभी की चूडियाँ'मधलं गाणं, चाल मराठी संगीतकाराची. भूप की देसकार? दोन्हीचे स्वर तेच, सा रे ग प ध. भूपात वादी (मुख्य स्वर) गंधार, पूर्वांगात (सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात) राज्य, वेळ संध्याकाळनंतरची. देसकारात वादी धैवत, रिषभ (रे) दुबळा, अंग (भर असलेला भाग) वरचं, वेळ सकाळची. राग आणि गाणी यांच्या बऱ्याच याद्यांत हे गाणं भूप म्हणून दिलंय, आणि क्विझ घेणारे बहुतेक याद्यांवरून घेतात म्हणून 'भूप' बरोबर ठरतं. दुसरी बाजू म्हणते गाण्यात पहाट आहे, सूर वरच्या अंगाला जातात, म्हणजे देसकार. यातलं पहाटेचं कारण मला अजिबात पटत नाही, शब्दांवरून राग ठरायला लागला तर पावसाचं प्रत्येक गाणं मल्हार होईल. अंगाचं कारण मात्र खरं कारण आहे आणि त्यावर बोलायला हवं. यादीवाले तेवढं बोलूच देत नाहीत, 'यादीत भूप आहे, विषय संपला' म्हणतात, याचा मला खरंच राग येतो, कारण खेळ कान तयार व्हावा म्हणून आहे ना.

यावर ग्रुपांनी वेगवेगळे तोडगे काढले. कुणी दोन्ही उत्तरं धरतात, कुणी 'भूपावर आधारित' असं मोघम लिहून मोकळे होतात, आणि काही ठिकाणी सिनेमाची आणि नाटकाची गाणी खेळातून काढूनच टाकली. हा शेवटचा निर्णय सगळ्यात वाईट. बहुतेक लोक रागापर्यंत गाण्यातूनच पोचतात, त्यांना दारातूनच परत पाठवल्यासारखं होतं. संगीतकाराने रागाचे नियम पाळायचे अशी शपथ घेतलेली नसते हे मान्य, पण म्हणून त्याच्या चालीत राग शोधायचाच नाही? मला सगळ्यात योग्य वाटतो तो नियम हल्ली थोड्या ग्रुपांत दिसतो, उत्तर देणाऱ्याने नुसतं नाव टाकायचं नाही, क्लिपमधली कुठली जागा, कितव्या सेकंदाला, आणि तिथे कुठल्या स्वरावर न्यास (थांबणं) आहे ते लिहायचं. असं लिहायला लावलं की देसकारवाले आणि भूपवाले दोघेही गाणं पुन्हा ऐकतात, आणि तोंडपाठ केलेली नावं टाकणारे आपोआप कमी होतात.

शुद्ध शास्त्रीय क्लिपा घेतल्या म्हणून वाद संपतात असंही नाही. ललित रागाचंच बघा, थाट पद्धतीच्या, म्हणजे स्वरांवरून रागांचे गट पाडणाऱ्या पुस्तकांत तो शुद्ध धैवताचा, मारवा थाटात, आणि आज मैफलीत ऐकू येतो तो बहुतेक कोमल धैवताचा. जयपूर घराण्याचा संपूर्ण मालकंस, त्यात नेहमीच्या मालकंसात नसलेले रिषभ आणि पंचम दोन्ही, मालकंस म्हणून टाकला की अर्धा ग्रुप चुकतो आणि उरलेला अर्धा प्रश्नच चुकीचा म्हणतो. म्हणून आता काही जण प्रश्नाबरोबर घराणंही सांगतात, तर काही जण मुद्दाम सांगत नाहीत, आणि कुठल्या ग्रुपात काय चालतं हे नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात चुकत माकतच कळतं.