शिरा निळ्या दिसतात म्हणून रक्त निळं नसतं

"शरीरात रक्त निळं असतं, बाहेर हवा लागली की लाल होतं" हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय, आणि मनगटावरच्या निळ्या शिरा बघून तो खरा वाटणं साहजिकच आहे.

पण रक्ताला रंग देतात त्या लाल पेशी, त्यांच्यात हिमोग्लोबिन ठासून भरलेलं असतं, त्यात लोह. ऑक्सिजन भरलेला असला की रक्त चटक लाल, कमी झाला की गडद, जांभळाच्या जवळ जाणारं लाल, पण निळं कधीच नाही. आणि शिरेतल्या रक्तातला ऑक्सिजन संपलेला नसतो, निवांत बसलेल्या माणसात साधारण 70-75 टक्के शिल्लक असतो.

मग शिरा निळ्या का? लाल प्रकाश कातडीत खोल जातो आणि शिरेतलं रक्त तो बराचसा शोषतं, निळा वरच्यावर परततो, म्हणून आजूबाजूच्या कातडीच्या मानाने शीर निळसर दिसते.

बघायचंय? दादरला असो की डोंबिवलीला, ब्लड टेस्टला गेलात की दंडाला पट्टा बांधल्यावर मान फिरवू नका (भीती वाटते, समजू शकतो), सुई त्या निळ्या शिरेतच जाते आणि बंद नळीत, बाहेरची हवा लागायच्या आधीच, गडद लाल रक्त येतं. घरी अंधारात मोबाईलच्या टॉर्चवर बोट ठेवा, तेही लालच उजळतं.