ओला शर्ट, दोन कादंबऱ्या: अतिमानवी प्रेमकथा आणि प्रेम असलेली भयकथा

ठाण्यात उपवन तलावाच्या काठावर रात्री अकरा वाजता एक तरुण बसलेला असतो. एप्रिल महिना, पावसाचा थेंब नाही, पण त्याचा शर्ट ओला आहे. वसंत विहारमधल्या मेडिकलची शेवटची पाळी संपवून घरी निघालेली शर्वरी त्याच्याशी दोन शब्द बोलते आणि आठवडाभरात तिला त्या बोलण्याची ओढ लागते. एवढ्या भांडवलावर दोन वेगळ्या जातींच्या कादंबऱ्या लिहिता येतात. एक अतिमानवी प्रेमकथा, म्हणजे जोडीतलं एक जण भूत, गंधर्व असं कोणी असलेली; दुसरी प्रेम असलेली भयकथा. मुखपृष्ठावर दोन्हीकडे चंद्र, पाणी आणि पाठमोरी मुलगी असल्यामुळे वाचक गोंधळतो. नवा लेखक त्याहून जास्त गोंधळतो, कारण पहिली लिहायला बसून तो नकळत दुसरी लिहीत जातो.

भीती किती आहे यावरून ही जात ओळखता येत नाही. प्रेमकथेत अंगावर काटा आणणारे प्रसंग चालतात, भयकथेत प्रेम अगदी खरं असू शकतं. कथा कोणत्या प्रश्नावर पुढे सरकते, ते पाहायचं. ‘ही दोघं एकत्र कशी राहणार?’ या प्रश्नासाठी पान उलटलं जात असेल तर ती प्रेमकथा. ‘ही यातून वाचणार का?’ असं असेल तर भयकथा. एक सोपी तपासणी आहे. शर्ट ओला का, याचं उत्तर वाचकाला पहिल्याच प्रकरणात सांगून टाका. त्यानंतरही वाचायला भरपूर उरत असेल तर हातात प्रेमकथा आहे. कथेतली हवाच गेली तर ती भयकथा होती.

दुसरी खूण शेवटाची. १९८० साली स्थापन झालेल्या ‘रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका’ या लेखकसंघाने प्रणयकादंबरीसाठी दोनच अटी धरल्या: प्रेमकथा केंद्रस्थानी हवी, आणि शेवट समाधान देणारा, आशादायी हवा. नायक गंधर्व असो वा गिऱ्हा, म्हणजे पाण्यातलं भूत, या अटी सुटत नाहीत. भयकथेवर असं बंधन नाही.

आता तोच शर्ट दोन्हीकडे कसा वापरला जातो ते बघा. भयकथेत माहिती राखून ठेवायची असते. शर्वरी घरी पोचते तेव्हा तिच्या चपलांना शेवाळ लागलेलं असतं. मग उशी ओलसर लागते. मग बाथरूमचा नळ बंद असताना बादली भरते. कारण सांगायचं नाही, खुणा वाढवत न्यायच्या आणि दर वेळी पाणी तिच्या थोडं आणखी जवळ आणायचं. प्रेमकथेत ती तिसऱ्या भेटीतच विचारते, ‘तुम्ही सारखे भिजलेले का असता?’ आणि त्याला उत्तर द्यावं लागतं, अर्धं का होईना. त्या उत्तरातून नियम कळतो: तलावाच्या कठड्यापलीकडे त्याला येता येत नाही, आणि आला तर परत जाण्याची वाट बंद होते. भयकथेत नियम जितका अंधुक तितका उपयोगी पडतो. प्रेमकथेत तो स्पष्ट हवा, कारण त्याच नियमाची किंमत पुढे दोघांना मोजायची असते.

डोकं कोणाचं उघडायचं, हा तिसरा फरक, आणि लिहिणाऱ्याला सर्वांत जास्त उपयोगी पडणारा. भयकथेत लेखक भुताच्या मनात शिरत नाही. शिरला की भूत माणूस होतं आणि दहशत संपते. प्रेमकथेत नेमकं हेच करायचं असतं. म्हणून बऱ्याच अतिमानवी प्रेमकथा आलटून पालटून दोघांच्या नजरेतून लिहिल्या जातात. तो तिची वाट कशी पाहतो, कठड्यावर हात ठेवून कुठे थांबतो, हे त्याच्या बाजूने एकदाही आलं नाही, तर वाचक त्याच्याकडे संशयानेच पाहत राहतो. मराठीत हा संशय लवकर जागा होतो. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथांनी आपल्या वाचकाला गूढाची चांगली तालीम दिली आहे, त्यामुळे ओला शर्ट दिसताच तो घाताची वाट पाहू लागतो. ती अपेक्षा पहिल्या पाचसहा प्रकरणांत मोडावी लागते.

शेवटाशी मात्र मराठी लेखक हमखास अडतो. आपल्याकडे भुताच्या गोष्टीचा चांगला शेवट म्हणजे गती मिळणं. राहिलेली इच्छा पुरी झाली, पिंडाला कावळा शिवला, जीव सुटला. शर्वरीने त्याची इच्छा शोधून पुरी केली आणि पहाटे तो पाण्यात विरून गेला, हा शेवट लिहिताना लेखकाला कृतार्थ वाटतं. वाचकाचेही डोळे भरतील. पण जोडी तुटली आहे. ही शोकांत प्रेमकथा झाली. तो स्वतंत्र आणि मानाचा प्रकार आहे, फक्त गोड शेवटाच्या आशेने आलेल्या वाचकापुढे ती ठेवू नये.

यातून बाहेर पडायच्या वाटा मोजक्याच. तो माणूस होतो, ती पलीकडे जाते, किंवा सीमा तशीच राहते पण दोघांना जगता येईल अशी तडजोड निघते. दुसरी वाट सर्वांत अवघड, कारण शर्वरीची आई, घराचे हप्ते, धाकट्या भावाची बारावी हे सगळं मागे उरतं आणि वाचक ते विसरत नाही. कोणतीही वाट घ्या, तिचं बीज पहिल्या एक-तृतीयांश भागातच पेरलेलं हवं. शेवटच्या प्रकरणात येऊरच्या जंगलातून एखादा साधू येऊन उपाय सांगून गेला, तर आधीची सगळी पानं वाया गेली.

हे बांधकाम शिकायला फार लांब जायला नको. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या ९५ व्या सूक्तात उर्वशी पुरूरव्याला सोडून निघालेली आहे. तो विनवतो, ती थांबत नाही. हीच जोडी कालिदासाने ‘विक्रमोर्वशीय’ या पाच अंकी नाटकात घेतली आणि शेवट मीलनाचा केला. ते त्याने कसं जमवलं? राजाने अपत्याचं मुख पाहिलं की उर्वशीने स्वर्गात परतायचं, ही अट तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीलाच कळते. म्हणून ती मुलगा लपवते, आणि पाचव्या अंकात तो समोर येताच घरातला आनंद आणि ताटातूट एकाच क्षणी येतात. नारद इंद्राचा निरोप आणतो की तिने राजाजवळ आयुष्यभर राहावं. ही सवलत आकाशातून पडलेली नाही. इंद्राला येणाऱ्या युद्धात हा राजा हवा आहे, आणि त्याचा पराक्रम पहिल्याच अंकात दिसला आहे, केशी दैत्याच्या तावडीतून त्याने उर्वशीला सोडवलं तेव्हा. अट आधी सांगितली, संकट त्याच अटीतून निघालं, सुटका आधीच्या कृतीतून. अतिमानवी प्रेमकथा लिहिणाऱ्याने हे नाटक हातात पेन्सिल घेऊन वाचावं.

नायक निवडतानाही दोन्ही जाती वेगळ्या वागतात. मुंजा भयकथेला चालतो, प्रेमकथेला अजिबात नाही: तो सोडमुंजीआधी मेलेला मुलगा आहे, त्याला प्रियकर करता येत नाही. बुडून मेलेला गिऱ्हा तलावांच्या ठाण्याला शोभतो, पण गतीचा प्रश्न घेऊनच येतो. वाट चुकवणाऱ्या चकव्याला स्वतःचं मन नसतं, म्हणून तो पात्र होत नाही. नवी मुंबईच्या पाम बीच रोडवरून पुन्हा पुन्हा त्याच सिग्नलला आणून दोघांची गाठ घालून द्यायला एकदा वापरावा, बस. हडळ नायिका करायची तर तिची बाजू तिच्याच तोंडून आली पाहिजे, नाहीतर उलट्या पावलांपलीकडे काही उरत नाही. शापित यक्ष किंवा गंधर्व प्रेमकथेला सर्वांत सोयीचा, कारण शापाबरोबर उःशाप येतो, म्हणजे अट, मुदत आणि सुटकेची वाट तिन्ही तयार मिळतात. राखणदाराचा मोह होतो, पण ज्या गावात त्याला आजही नारळ दिला जातो तिथला खरा राखणदार उचलू नये. कल्पनेतला घडवावा.

वशीकरण, नजरबंदी, मनातलं ओळखणं या शक्ती भयकथेत शस्त्र असतात. प्रेमकथेत त्यांच्याबद्दल लवकर निकाल लावावा लागतो. ती त्याच्याकडे स्वतःच्या मर्जीने जाते की ओढली जाते, हे वाचकाला नक्की कळलं पाहिजे. तिने नाही म्हटलं आणि तो खरोखर मागे झाला, असा एक प्रसंग पहिल्या अर्ध्यात टाकला की काम होतं.

मापं ढोबळ आहेत, पण कामाची. ५०,००० शब्दांच्या प्रेमकादंबरीत भेट पहिल्या ५,००० शब्दांत व्हावी, त्याचं स्वरूप १५,००० पर्यंत उघड व्हावं, मध्यावर नातं मान्य व्हावं, ३८,००० ते ४०,००० च्या आसपास नियमामुळे फाटावं. शेवटचे ४,००० तरी पुन्हा जुळण्याला द्यावेत. दोनशे शब्दांत उरकलेलं मीलन पटत नाही. भयकथेत मात्र उलगडा जितका उशिरा तितका बरा.

भागांमध्ये लिहिणाऱ्यांची एक वेगळी अडचण आहे. प्रतिलिपीसारख्या ऑनलाइन कथांच्या ठिकाणी हजार-बाराशे शब्दांचा भाग संपवताना ‘क्रमशः’च्या आधी झटका हवा असतो, आणि सर्वांत स्वस्त झटका भीतीचा. दार वाजलं, आरशात कोणी दिसलं, पाण्यातून हात आला. असे दहा भाग झाले की नातं जागच्या जागी राहतं आणि प्रेमकथेची भयकथा होते. यावर उपाय म्हणजे तीनपैकी दोन भाग तरी नात्यातल्या वळणावर तोडायचे: तिने आईला त्याच्याबद्दल सांगितलं, तो खोटं बोलला हे तिला कळलं, ती तीन रात्री उपवनला गेलीच नाही. पुढचे दोन भाग लिहिण्याआधी प्रत्येकाच्या शेवटाची एक ओळ कागदावर उतरवा, आणि त्या ओळीत दोघांपैकी एकाने काही निर्णय घेतलेला नसेल तर ती बदला.