घरातलं दुःख घेऊन येणाऱ्यांसाठी

आमच्या ख्रिस्ती समुपदेशन केंद्रात पहिल्यांदा येणारे बरेच जण दाराजवळची खुर्ची धरतात, पिशवी मांडीवर ठेवतात आणि म्हणतात, “तसं सगळं ठीक आहे.” पुढचं वाक्य यायला वेळ लागतो. तो वेळ तुमचाच आहे, घाई करू नका.

देवावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाला घरचं दुःख सांगणं जास्त जड जातं. उपासनेला आपण हसतमुखाने जातो, दुसऱ्यांसाठी प्रार्थना करतो आणि घरी मुलगा सहा महिने बोललेला नसतो. मग मनात येतं, आपला विश्वासच कमी पडला. हे ओझं आधी उतरवा. बायबलमधल्या 13व्या स्तोत्रात “कोठवर?” हा प्रश्न पहिल्या दोनच वचनांत चार वेळा येतो. 88वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे. देवापुढे केलेली तक्रार हीसुद्धा प्रार्थनाच.

क्षमेबद्दल सगळ्यात जास्त विचारलं जातं. “क्षमा केली, पण मन मोकळं होत नाही.” अशा वेळी आम्ही बायबलमधली योसेफाची गोष्ट सावकाश वाचतो. भावांनी त्याला चांदीच्या 20 नाण्यांना विकलं तेव्हा तो 17 वर्षांचा होता. ते पुन्हा समोर आले तोवर वीसहून अधिक वर्षं लोटली होती, आणि त्याने लगेच गळ्यात गळा घातला नाही. त्यांना पारखलं. धाकट्या बन्यामिनाला पाहून त्याला भरून आलं तेव्हा तो आतल्या खोलीत जाऊन रडला, तोंड धुतलं, स्वतःला सावरलं आणि बाहेर येऊन म्हणाला, जेवण वाढा. स्वयंपाकघरात डोळे पुसून बाहेर येणाऱ्या कितीतरी आयांना, बापांना हे ठाऊक आहे. पुढे योसेफाने बन्यामिनाला दास म्हणून ठेवून घेतो म्हटलं आणि त्या भावांपैकी यहूदा त्याच्याऐवजी स्वतः दास व्हायला तयार झाला, तेव्हा कुठे योसेफाने आपली ओळख दिली. क्षमा मनात आधी होऊ शकते. विश्वास परत बसायला मात्र समोरच्याचं वागणं बदलावं लागतं.

एक गोष्ट ठामपणे सांगतो. घरात मारहाण होत असेल तर “सहन कर, अधीन राहा” असं आम्ही कुणालाही सांगणार नाही. बायबलमधल्या इफिसकरांस पत्रात पत्नीने पतीच्या अधीन राहावं या वचनाच्या आधीचंच वचन सगळ्यांना एकमेकांच्या अधीन राहायला सांगतं. आधी सुरक्षित जागी जा, बाकीचं मग बोलू.

झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणं नको वाटत असेल, तर आजच डॉक्टरांना आणि जवळच्या एखाद्या माणसाला सांगा. भेटीच्या दिवसाची वाट पाहू नका. औषध घेणं म्हणजे अविश्वास नव्हे. एलीया संदेष्ट्याने झुडपाखाली बसून मरण मागितलं, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. दुखावलेल्या माणसाला आधी काय लागतं, ते यात दिसतं. तुमच्या घरात असं कुणी असेल तर वचनं ऐकवण्याआधी जवळ बसा.

जोडीदार यायला तयार नसेल तरी तुम्ही एकटे या. बोललेलं इथेच राहतं, तुमच्या परवानगीशिवाय चर्चच्या पाळकांनाही कळवत नाही. कुणाच्या जिवाला धोका दिसला तरच इतरांची मदत घेतो आणि शक्य असेल तर तसं आधी तुम्हाला सांगतो. प्रार्थना हवी असेल तरच करू. त्या दिवशी शब्दच सुचत नसतील तर नुसते बसा. बायबलमधली हन्ना मनातल्या मनात प्रार्थना करत होती, तेव्हा एली याजकाने तिचे नुसते हलणारे ओठ पाहिले आणि तिला नशेत समजला. देवाने मात्र तिचं ऐकलं.